पुढे केलेले पाय

उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या देवळात पाय धुण्याचा विधी होतो. वेदीपुढे बारा खुर्च्या, खाली पितळी घंगाळ, शेजारी तांब्या, पाळकांच्या कमरेला पंचा. एका वर्षी त्या बारा जणांत एक निवृत्त गुरुजी होते. मंडळीत कोणी आजारी पडो, कोणाचे लग्नकार्य निघो, पहिली हाक त्यांनाच जायची. पाळक त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले, तसे गुरुजींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. टाचांना भेगा होत्या, नखांत शेतातली माती होती. "राहू द्या, पाळकसाहेब," ते पुटपुटले. पाळक काही बोलले नाहीत, तांब्या धरून तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने गुरुजींचा एक पाय पुढे आला.

पाय धुण्यापेक्षा पाय पुढे करणे अवघड, हे मला त्या संध्याकाळी कळले. सेवा करणारा वाकतो खरा, पण देणाऱ्याचा मोठेपणा त्याच्यापाशी राहतो. घेणाऱ्याला तोही सोडावा लागतो.

योहानाच्या शुभवर्तमानात या प्रसंगाची जागा पाहण्यासारखी आहे. येशू शिष्यांचे पाय धुतो, पेत्र आधी नकार देतो, मग कबूल होतो. आणि आपल्या लोकांनी एक व्हावे ही येशूची प्रार्थना त्याच रात्रीची, पण नंतरची. आधी घंगाळ, मग प्रार्थना. आपण हा क्रम उलटा करतो. एकतेची प्रार्थना मोठ्याने म्हणतो आणि पाय खुर्चीखाली ठेवतो.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे पंथ बऱ्याच अंशी भूगोलाने ठरले. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आले आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्याचे मोठे केंद्र झाले. नाशिककडे चर्च मिशनरी सोसायटीचे अँग्लिकन, नागपुरात स्कॉटिश मिशन. एकमेकांच्या क्षेत्रात शिरायचे नाही, असा मिशनांचा आपसांत समझोता होता. त्यामुळे आजोबा कोणत्या तालुक्यात राहत होते, यावर नातवाचा पंथ ठरला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या इतिहासातली भांडणे इथल्या माणसांनी कधी पाहिली नव्हती, पण त्यांच्या भिंती मात्र वारशाने मिळाल्या.

त्या भिंती उतरवण्याचा मोठा प्रयत्न नागपुरातच पूर्ण झाला. उत्तर भारतातील मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी 1929 मध्ये लखनौला सुरू झाली. दक्षिणेतील मंडळ्या 1947 मध्ये मद्रासला एक झाल्या, उत्तरेला आणखी तेवीस वर्षे लागली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. त्यांत बिशप मानणारे अँग्लिकन होते आणि बिशपाशिवाय कारभार चालवणारेही होते. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणारे होते आणि जाणत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती नव्या मंडळीने मान्य केल्या.

सर्वांत नाजूक प्रश्न पाळकांच्या दीक्षेचा होता. कोणाची दीक्षा खरी? त्यावर जो मार्ग निघाला, तो मला गुरुजींच्या पायाइतकाच बोलका वाटतो. निरनिराळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या मस्तकांवर हात ठेवून प्रार्थना केली. ज्यांची बिशपपरंपरा शतकांची, त्यांनीही डोके वाकवले, आणि ज्यांना बिशप नकोच होते, त्यांनीही. 'माझ्याकडे सगळे आहे, तू ये' असे म्हणून हे ऐक्य झाले नसते. 'माझ्याकडे नसलेले काही तुझ्याकडे असेल' हे प्रत्येकाला मान्य करावे लागले.

त्याआधी अर्धशतक एका मराठी माणसाने आणखी मोठी उडी घेतली होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार आणि आधार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यांनी त्यात बोलावले. 1919 मध्ये ते गेले आणि प्रयोग अपुरा राहिला. पण भजन-कीर्तनाची भाषा त्यांनी मराठी उपासनेत अशी रुजवली, की त्यांची गीते गाताना शेजारच्याचा पंथ कोणी विचारत नाही.

हे सांगून थांबलो, तर ते खोटे समाधान होईल. नागपूरच्या ऐक्यानंतर देवळांच्या आणि मिशनच्या जमिनींवरून मंडळ्या कोर्टात गेल्या. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, त्याचा निकाल 2013 मध्ये लागला. याहून खोल जखम जातीची आहे. एकाच कटोऱ्यातून प्रभुभोजन घेणारी माणसे सोयरीक जुळवताना बाप्तिस्म्याच्या दाखल्याआधी जुनी जात विचारतात. पंथांच्या भिंतींचा दोष परदेशी मिशनऱ्यांना देता येईल. ही भिंत आपण बाहेरून आत आणली आणि आपणच तिची डागडुजी करतो.

पौलाने तुरुंगातून फिलिप्पै येथील मंडळीला पत्र लिहिले. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, हा त्याचा थोर विचार त्या पत्रात आहे. आणि त्याच पत्राच्या शेवटाकडे तो युवदीया व सुंतुखे या दोन स्त्रियांना नावे घेऊन विनवतो, की एकमनाच्या व्हा. त्यांचे कशावरून बिनसले होते, हे पत्रात नाही. एवढे मोठे तत्त्व उतरले ते शेजारी बसणाऱ्या दोन माणसांच्या अबोल्यापर्यंत. नम्रता तिथे उतरत नसेल, तर तिचे उपदेश व्यर्थ आहेत.

दर वर्षी 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती एकतेसाठी प्रार्थनेचा आठवडा अनेक देशांत पाळला जातो. यंदा व्यासपीठावर सर्व पंथांचे पुढारी एका रांगेत बसवून आपण थांबू नये. त्या आठवड्यात दुसऱ्या पंथाच्या देवळात जा, मागच्या बाकावर बसा, आणि उपासना संपल्यावर तिथल्या पाळकांना म्हणा, "माझ्यासाठी प्रार्थना करा." ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे, त्यांच्या घरी जा आणि त्यांनी दिलेला चहा प्या. आपल्याकडे देण्यासारखे काय आहे, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. आता पाय पुढे करू या.