शरीरसंपदा आणि संसाराचा जमाखर्च

संसाराचा जमाखर्च मांडताना घरभाडे, किराणा, मुलांचे शिक्षण यांची तजवीज आपण काटेकोरपणे करतो. परंतु ज्या देहाच्या बळावर ही सारी मिळकत उभी असते, त्याच्या रक्षणाची तरतूद त्या हिशेबात क्वचितच आढळते. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या व्याधी एकदा जडल्या, की औषधांचा खर्च दरमहा कायम होतो, रोजंदारीचे खाडे पडतात आणि मोठे आजारपण ओढवल्यास कित्येक कुटुंबांवर दागिने गहाण टाकण्याची वेळ येते. देहाच्या रक्षणाचा सोपा उपाय म्हणजे नियमित व्यायाम. व्यायामाने प्रत्येक रोग टळतो असे नव्हे. तथापि या व्याधींचा धोका त्याने निश्चितपणे घटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची मध्यम व्यायामाची किमान १५० मिनिटे भरभर चालूनही पूर्ण होतात. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला, त्यांना तर सतरंजीएवढी जागा आणि निश्चय एवढेच पुरते. म्हणून भविष्याच्या बेगमीसाठी पैसा बाजूला काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने रोजचा अर्धा तासही देहासाठी राखून ठेवावा, आणि तो घरातील गृहिणीलाही हक्काने मिळेल, अशी कामांची वाटणी आजपासूनच करावी.