तलवार आपली, पावती त्यांची

नागपूर म्हणजे आम्हा धामणगाव रेल्वेकरांसाठी सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतायचे गाव. तिथल्या भोसले घराण्याचा पाया घालणाऱ्या रघुजींची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सोथबीजच्या लिलावात निघाली. पाते युरोपीय घडणीचे. त्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब. धन्याचे नाव अंगावर असूनही महाराष्ट्र सरकारला मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती घ्यावी लागली.

मालकी ठरते तरी कशी? आधी ती जेत्याची होती. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने भोसल्यांच्या खजिन्यावर हात मारला. तलवार तेव्हाच गेली असावी, असा अंदाज आहे. इजिप्तमधल्या रोझेटा शिलालेखाचेही तेच झाले. तो फ्रेंचांना १७९९ मध्ये सापडला आणि १८०१ च्या शरणागतीच्या कलमानुसार इंग्रजांकडे गेला. दोघांच्या सौद्यात इजिप्तला कोणी विचारले नाही.

मग कागद आला. इजिप्तची राणी नेफर्टिटी हिचा अर्धपुतळा १९१२ मध्ये जर्मन उत्खननात निघाला आणि पुढल्या वर्षी वाटणीत जर्मनांकडे गेला. तेव्हा देश इंग्रजांच्या ताब्यात आणि पुरातत्त्व खाते फ्रेंचांच्या हाती. वाटणी नियमाने झाली खरी, पण इजिप्तच्या वतीने देणारा इजिप्तचा नव्हता.

पुढे ‘आम्ही सांभाळले म्हणून टिकले’ हा युक्तिवाद आला. तो अगदीच खोटा नाही, म्हणूनच बोचतो. शिवाय बडोद्याच्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे. सयाजीराव महाराजांनी ती विकत आणली. म्हणजे हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही.

१९७० चा युनेस्को करार आणि आपला १९७२ चा पुरावशेष कायदा आला, पण करार जुन्या लुटीला लागू होत नाही. म्हणून शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी, लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. दोनशे वर्षांत कारणे बदलत गेली. वस्तू मात्र जिथल्या तिथे राहिल्या.

नव्या चोरीत मात्र कायदा कामी येतो, नोंद असेल तरच. तामिळनाडूच्या देवळांतून चोरलेल्या कित्येक मूर्ती पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या जुन्या छायाचित्रांवरून ओळखल्या गेल्या. आपल्या शेजारच्या कौंडण्यपूरला साठच्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केले, त्याचा अहवाल छापील आहे. पण बांधावरच्या, पारावरच्या, बारवेतल्या मूर्तींचे काय? त्यांचे फोटो काढा, मापे घ्या, तारखेसह वहीत लिहा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पुरातत्त्व खात्याकडे द्या. उद्या एखादी मूर्ती परदेशी लिलावात दिसलीच, तर ती आपली असल्याचा पुरावा त्या वहीतच मिळेल.