सड्यावर काय आहे?

गणपतीला भाचा पुण्याहून राजापूर तालुक्यात मामाकडे आला, तेव्हा घरात एकच विषय चालला होता. गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मामांची जमीन होती आणि एक चिरेखाणवाला ती मागत होता. सातबाऱ्यावर पोटखराबा. भात पिकत नाही, आंब्याची कलमं लावायची तर आधी कातळ फोडावा लागतो. भाव मात्र बरा मिळत होता.

"देऊन टाका मामा," भाचा म्हणाला. तो मॅरेथॉनची तयारी करत होता. "आज सकाळीच सडा पालथा घालून आलो. नुसता कातळ. वर काही म्हणता काही नाही."

मामा साठीचे, पण रोज पहाटे सड्यावर धावणारे. धावणं म्हणजे शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढंच. ते म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल. घड्याळ घरी ठेव."

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. पायवाटेच्या कडेला निळीजांभळी सीतेची आसवं पसरली होती, गेंदाचे पांढरे गोळे डोलत होते. काल हे सगळं भाच्याच्या बुटांखालून गेलं होतं. एका ओल्या खळग्यापाशी मामा उकिडवे बसले. बोटभर उंचीचं तांबूस रोप, पानांवर चिकट थेंब, आणि त्यात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं.

"दवबिंदू," मामा म्हणाले. "कातळावरच्या मातीत कस नाही, म्हणून हे किडे खाऊन जगतं. आणि हा जांभा भोकाभोकांचा. पावसाचं पाणी यातूनच मुरतं नि खालच्या वाडीच्या विहिरीला लागतं. खाण लागली की मशीन हा थर चौकोनी कापून नेणार. मग विहिरीचं काय, ते चिरेखाणवाला सांगत नाही."

भाचा गप्प झाला. पुन्हा दोघे सावकाश धावू लागले. सूर्य नुकता वर आला होता, ऊन तिरपं होतं. थोडं पुढे गेल्यावर भाचाच थबकला. उघड्या कातळावर बारीक गवत एका वळणदार ओळीत उगवलं होतं. गवत असं ओळीने उगवत नाही. त्याने बोटाने माती उकरली, तर खाली खोदलेली खाच. खाचेबरोबर तो चालत राहिला. ओळ वळली, निमुळती झाली, दोन टोकांत फुटली. माशाची शेपटी! काल धावतानाची त्याची वाट बरोबर याच माशावरून गेली होती.

"कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती पाहिलायस?" मामांनी विचारलं. "सुमारे १८ मीटर लांब. त्याच्यावर उभं राहिलास तर हत्ती आहे हेच कळत नाही, रेघेच्या कडेकडेने फिरावं लागतं. आपल्या सड्यांवर गेंडेसुद्धा कोरलेले आहेत. कोकणात आज गेंडा आहे का? कोरणाऱ्यांनी पाहिला असणार. हजारो वर्षांपूर्वीची माणसं ती."

रत्नागिरीच्या काही अभ्यासकांनी वर्षानुवर्षं पायी फिरून, गुराख्यांना विचारत अशी शेकडो कातळशिल्पं शोधली, म्हणूनच २०२२ मध्ये त्यातली काही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत पोचली. गाडीतून जाणाऱ्याला यातली बहुतेक दिसली नसती.

संध्याकाळी आरती आटोपल्यावर चिरेखाणवाला आला. त्याने भाव थोडा वाढवलाही. मामा बोलायच्या आधी भाचाच म्हणाला, "जमीन द्यायची नाही."

"का? वर आहे काय?"

"सकाळी या, दाखवतो. पण चालत यावं लागेल."

तो आला नाही. जमीन मात्र अजून मामांच्याच नावावर आहे.

तुमच्या गावात सडा असेल तर करारावर सही करण्याआधी एकदा, पावसाळा सरता सरता, सकाळच्या तिरप्या उन्हात तिथे सावकाश फिरून या. खोदलेली रेघ दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका, फोटोसाठी खडूने रंगवू नका, आणि आधी ग्रामपंचायतीला कळवा.