मनातली मागणी

आरामात बसा. पाय जमिनीला टेकू द्या. फोन पालथा ठेवा. पुढची दहा मिनिटं कुणालाही काही सिद्ध करून दाखवायचं नाही.

आता अलीकडचा एखादा सल आठवा. मोठी जखम नको, एकट्याने तिला हात घालायची ही वेळ नव्हे. छोटासाच घ्या. भावाला मेसेज पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. किंवा साहेबांनी चारचौघांत तुमचा कागद न वाचताच बाजूला सरकवला. जे असेल ते.

घडलेलं मनात मांडा, पंचनाम्यात लिहितात तसं : कोण होतं, काय झालं, किती वाजले होते. ‘मुद्दाम’, ‘नेहमीचंच आहे’, ‘माझी किंमतच नाही’ हे पंचनाम्यात बसत नाही. ते वेगळं काढून ठेवा. थोडं थांबा. मूळ घटना किती उरली, बघा. एक-दोन ओळींची असेल.

मग छातीवरचं दडपण कुठून आलं? वेगळ्या काढलेल्या शब्दांकडे पुन्हा एकदा बघा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या उपचारपद्धतीचा पाया हाच. घटना आणि भावना यांच्या मधे आपला दृष्टिकोन असतो, आणि त्यावर काम करता येतं. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ही पद्धत रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला होता. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. भावाने उत्तर द्यावं ही इच्छा. ती रास्त आहे. पण त्याने दिलंच पाहिजे, नाहीतर मला जगण्यात अर्थ नाही, ही मागणी. इच्छा पुरी झाली नाही की वाईट वाटतं. मागणी पुरी झाली नाही की माणूस कोसळतो.

तुमच्या सलाखाली कुठली मागणी आहे? घाई करू नका. ती सहसा स्वतःहून पुढे येत नाही.

अनेकदा ती एकट्याला सापडत नाही, म्हणून तर समुपदेशक लागतो. साधारण पाऊण तास तो तुमच्यासमोर बसतो. “भावाने उत्तर दिलं नाही, म्हणजे तुमच्या दृष्टीने काय झालं?” असं विचारतो. तुम्ही म्हणता, “त्याला माझी गरज उरलेली नाही.” तो विचारतो, “आणि समजा, खरंच नसली तर?” तुम्ही गप्प. घरातलं माणूस असतं तर एव्हाना “सोड रे, मनाला लावून घेऊ नकोस” म्हणून मोकळं झालं असतं. समुपदेशक थांबतो. पंख्याचा आवाज ऐकू येण्याइतका थांबतो. मग तुमच्याच तोंडून निघतं, “तर मग मी कुणाचाच नाही.” इतकी वर्षं मनात घर करून बसलेलं हे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं की पहिल्यांदा ते तपासता येतं. खरंच कुणाचाच नाही? पुरावा काय?

कधी रडू फुटतं. फुटू द्यावं. तिथे सांत्वनाची घाई कुणालाच नसते.

नुसतं कळून मात्र भागत नाही, वळावंही लागतं. एलिस यांनी हे आधी स्वतःवर करून पाहिलं होतं. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायच्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटायचा. १९३३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात ते रोज जाऊ लागले. बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची. काही जणी लगेच उठून गेल्या. शंभरेक जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. हिशेबाने सगळा फज्जाच. पण भीती गेली, कारण नकाराने आभाळ कोसळत नाही हे त्यांनी शंभर वेळा अनुभवलं होतं. म्हणूनच या उपचारात गृहपाठ असतो. तुमचा गृहपाठ काय असेल? भावाला स्वतःहून फोन करणं? आणि त्याने उचलला नाही, तरी त्या दिवशी वेळेवर जेवणं?

एक गोष्ट मनात पक्की करा. बरं होणं म्हणजे दुःख न होणं नव्हे. आई गेली तर दुःख होणारच, व्हायलाही हवं. एलिस यांनी दुःख आणि निराशा, काळजी आणि भयगंड यांत फरक केला होता. दुःखातला माणूस रडतो आणि हळूहळू पुन्हा कामाला लागतो. निराशेतला माणूस स्वतःलाच नापास करून टाकतो. चूक झाली तर चुकीला चूक म्हणावं. त्यावरून अख्ख्या माणसाचा निकाल लावू नये, मग तो माणूस आपण स्वतः असलो तरीही.

आता सावकाश श्वास सोडा. सापडलेली मागणी कागदावर लिहा आणि तिच्याखाली तीच गोष्ट इच्छा म्हणून लिहा. दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचा.

लिहूनही ओझं हललं नाही, दोन आठवडे झोप-भूक उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर एकट्याने झुंजत बसू नका. समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठा. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. लोक काय म्हणतील, याचा विचार करत थांबू नका. फोन करा.