झिरो बघून घ्या

नोझल टाकीत घालण्याआधी पंपावरचा पोऱ्या म्हणतो, ‘झिरो बघून घ्या’. आपण बघतो, आणि आपलं प्रत्यक्ष ज्ञान तिथंच संपतं. पुढे पळणारा आकडा खरा आहे का, पाइपातून येतंय ते निव्वळ पेट्रोलच आहे का, हे सगळं आपण दुसऱ्याच्या सांगण्यावर मानतो. आपल्या दर्शनांनी ज्याला शब्दप्रमाण म्हटलं ते हेच. चांगलं इंधन कुठं मिळेल हा प्रश्न त्यामुळे कुणाच्या शब्दावर विसंबावं या प्रश्नापाशी येऊन थांबतो. विसंबण्यात कमीपणा काही नाही, पण आपला शब्द खोटा ठरवायची सोय जो स्वतःहून उघडी ठेवतो त्याच्यावरच विसंबावं, असं माझं म्हणणं आहे.

चार्वाक म्हणेल, कशाला कुणावर विसंबता, डोळ्यांनी पाहा. पाहण्याची साधनं आहेतही. पंपावर फिल्टर पेपर मागता येतो. नोझलचं तोंड पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा, दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडाला पाहिजे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर असावं लागतं. रोज सकाळी हायड्रोमीटर बुडवून घनता नोंदवतात, आणि १५ अंश सेल्सिअसच्या हिशेबानं ती टँकरसोबत आलेल्या चलनावरच्या आकड्याशी ताडून बघतात. पण पेट्रोलसारखंच झटकन उडणारं सॉल्व्हंट मिसळलं असेल तर कागद गप्प राहतो. मापावरचा शिक्का हाही अखेर कुणाचा तरी शब्दच. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी छापे घातले तेव्हा यंत्रांच्या पोटात छेडछाड केलेले भाग सापडले. गिऱ्हाइकाला दाखवलेला झिरो खरा होता, लिटर खोटे होते.

मग अनुमान? गाडीचं ॲव्हरेज पडलं, धूर काळा आला, म्हणजे पंपवाल्यानं भेसळ केली, असं आपण सर्रास म्हणतो. नैयायिकांनी अशा घाईला ‘उपाधी’, म्हणजे नजरेआड राहिलेली अट, दाखवून अडवलं आहे, आणि गंमत म्हणजे त्यांचं नेहमीचं उदाहरण इंधनाचंच आहे: अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, इंधन ओलं असेल तरच धूर. ॲव्हरेजलाही अशा उपाध्या चिकटलेल्या असतात. टायरमधली हवा, एसी, रस्त्यावरची कोंडी. त्यात आता 20 टक्के इथेनॉल. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, तेव्हा शुद्ध मालावरही ॲव्हरेज थोडं उतरणारच. इथेनॉल पाणी ओढून घेतं. जमिनीखालच्या टाकीत पावसाळ्यात पाणी झिरपलं तर ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. म्हणून ज्या पंपावर टाकी भराभर रिकामी होऊन नव्यानं भरते तो बरा, या लोकसमजुतीला तथ्य आहे. रोज त्याच रस्त्यानं तीच गाडी हाकणाऱ्याचं मतही मोलाचं, कारण त्याच्या बाबतीत बाकीच्या उपाध्या फारशा हलत नाहीत. (शहरातली रिक्षांची रांग मात्र बहुधा सीएनजीची असते, तिच्यावरून पेट्रोलची पारख करू नये.)

यावर मीमांसक हसेल. बाधा येईपर्यंत, म्हणजे ते खोटं ठरेपर्यंत, ज्ञान खरंच मानायचं असतं, दर खेपेला संशय घेत बसलात तर गाडी दारातून हलणार नाही. हे मान्य. पण बाधा आपोआप येत नाही, कुणीतरी जाऊन ती शोधावी लागते. इंडियन ऑइलचे अधिकारी एस. मंजुनाथ पंपांची तपासणी करत होते. 2005 मध्ये लखीमपूर खेरीत त्यांना गोळ्या घातल्या. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. आपण निर्धास्तपणे टाकी फुल्ल करतो, त्याची किंमत अशी कुठंतरी चुकती झालेली असते.

मग विसंबावं कुणावर? नैयायिकांपैकीच वात्स्यायनाच्या मते ‘आप्त’, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा तो, असा, ज्याला वस्तू नीट कळलेली आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. परक्या मुलखातल्या हायवेवर ही व्याख्या उपयोगी पडते, कारण पाटी ओळखीची असली तरी माणूस ओळखीचा नसतो. पाच लिटरचं माप मागावं आणि समोरच्याचा चेहरा बघावा. माप लगेच पुढ्यात आलं तर भरायला हरकत नाही. कपाटाची किल्ली सापडेना, किंवा ‘आत्ता गर्दी आहे’ असं उत्तर आलं, तर शंभरचं टाकून पुढचा पंप गाठावा.