माझा स्वभावच असा आहे!

राम कृष्ण हरी.

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३३ ते ३५

स्वभावाला औषध नाही, असं आपण सहज बोलून जातो. बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल. पण कधीकधी स्वतःची बाजू घेतानाही म्हणतो, "माझा स्वभावच असा आहे, घरच्यांनी समजून घ्यावं."

३३वा श्लोक वरवर वाचला तर भगवंतांचाही याला दुजोरा आहे असं वाटतं. ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, मग नुसत्या निग्रहाने काय होणार, असं ते अर्जुनाला विचारतात. पण इथे थांबायचं नाही. लगेच पुढच्या श्लोकात ते सांगतात की प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष ठाण मांडून बसलेत, त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस, ते वाटमारे आहेत. इथला 'राग' म्हणजे आपला मराठीतला संताप नव्हे. राग म्हणजे ओढ, आणि द्वेष म्हणजे नावड.

म्हणजे प्रकृती वेगळी आणि आवड-नावड वेगळी. आपण दोन्हींना मिळून 'स्वभाव' म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो.

समजा, एखाद्याची नजर फार बारीक आहे. ऑफिसात तो इतरांच्या हातून सुटलेली चूक पकडतो, सगळ्यांचं नुकसान टळतं. तोच माणूस घरी जेवताना मीठ कमी म्हणतो, मुलाच्या वहीत आधी वाकडं अक्षर बघतो. नजर तीच, पण आता तिच्यावर नावड स्वार झालेली असते. मुलगा हळूहळू वही दाखवायचंच बंद करतो. त्यानंतर "माझा स्वभावच असा" म्हणून काय उपयोग? बारीक नजर देवाने दिलेली आहे, ती टाकायची गरज नाही. फक्त त्याच नजरेने वहीतलं बरोबर आलेलं गणितही दिसायला हवं.

३५व्या श्लोकात भगवंत म्हणतात, आपला धर्म उणा वाटला तरी तोच बरा. ज्ञानोबा माउली इथे साधा दाखला देतात : लोकांचे पांढरेशुभ्र वाडे छान दिसले म्हणून आपली गवताची झोपडी मोडायची का? आपण मात्र रोज मोबाईलवर दुसऱ्यांचे वाडे बघतो आणि आपली झोपडी मोडत बसतो.

सावतोबांनी अरणला मळा केला, गोरोबाकाकांनी तेरला मडकी घडवली. दोघांची कामं वेगळी, बोली वेगळी, पण विठ्ठल एकच. मात्र स्वधर्म म्हणजे कुणाला त्याची पायरी दाखवणं नव्हे. चोखोबांना ज्यांनी देवळाबाहेर ठेवलं, तेही धर्माचंच नाव घेत होते. आज त्याच चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे आणि वारकरी तिथे माथा टेकतात.

आजच्या दिवसाचा अभ्यास एवढाच. "माझा स्वभावच असा" हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, हा खरंच माझा स्वभाव आहे, की माझी नावड बोलतेय?

पांडुरंगा, तू मला जसं घडवलंस तसंच राहू दे. पण माझ्या आवडी-निवडीचा काच माझ्या माणसांना होऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.