पोर आपल्याही प्रारब्धातलं

मूल असं का झालं, याचं उत्तर आमच्या शेणवे गावात फार लवकर मिळतं. आईने ग्रहण पाळलं नसेल. कुळदेवाचा मान द्यायचा राहिला असेल. तेही नाही पटलं, तर प्रारब्ध. आमच्या आळीतल्या एका पोराला ऑटिझम आहे. चार वर्षांचं झालं तरी बोलेना, हाक मारली तर वळेना, तेव्हा त्याच्या आईने ही तिन्ही उत्तरं ऐकली.

मी माळकरी आहे. कर्म मानतो, म्हणूनच बोलतो. प्रारब्धाची गोष्ट माणसाने स्वतःला विचारायची असते. दुसऱ्याच्या पोराकडे बोट दाखवून ती काढली की त्यात धर्म राहत नाही. ज्याचं त्याने भोगावं, आपण घरी जावं, एवढीच सोय उरते. आणि प्रारब्ध खरंच मानायचं, तर हे पोर आपल्या गावात जन्मलं हे आपलंही प्रारब्धच. त्याच्याशी आपण आज कसं वागतो, ते आपलं क्रियमाण. त्याचा हिशेब आईकडे मागता येणार नाही.

आईला दोष देण्यात शिकलेलेही मागे नव्हते. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा मुलांचं वर्णन केलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिथले नावाजलेले तज्ज्ञ आईच्या थंडपणाला कारण मानत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून ते खोडलं. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि अशाच एका मुलाचे वडील.

पण गाव वेगळंही वागू शकतं; आपल्याकडे मला तेराव्या शतकातलं ऋद्धिपूर आठवतं. तिथले गोविंदप्रभू महानुभावांचे परमेश्वर; त्यांना कुठल्या आजाराचं नाव लावण्याचा मला अधिकार नाही. पण ते स्वतःशी बोलत, कुणाच्याही घरात शिरत, मनाला येईल ते उचलून खात. कुणी वेडा म्हणे. तरी त्या गावाने त्यांना घराबाहेर ठेवलं नाही. माय म्हटलं, बापही म्हटलं.

आमच्या भजनी मंडळाने सप्ताहात भोंग्याचं तोंड त्या पोराच्या घराकडून फिरवलं, कारण आवाज वाढला की ते कान दाबून ओरडतं. पंगतीत त्याला कोरडा भातच वाढतात, प्रसादाचा आग्रह कुणी धरत नाही. पण एवढ्याने त्याच्या आईचं ओझं हलकं होत नाही. २०१६च्या कायद्याने ऑटिझम अपंगत्वात धरला, सवलती आल्या. तरी तपासणीला आसनगाव स्टेशन गाठून लोकलने ठाण्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली, आणि धाकटी कुणाकडे ठेवायची हा प्रश्न वेगळाच.

आता लावणी तोंडावर आली आहे. आई चिखलात उतरेल तेव्हा पोराजवळ कुणीतरी माणूस हवं, नुसतं राखायला नाही, त्याच्या कलाने बसायला. मंडळात मी वार वाटून मागितले. सोमवार आमच्या घरी, बुधवार आणि शनिवार दोन म्हाताऱ्यांनी घेतले. बाकीच्या वारांना अजून कुणी होकार दिलेला नाही. एकादशीच्या भजनाला मी पुन्हा विचारणार आहे.